शिंगटी, घोगरा आणि कर्नल साहेब

परवा केमला जाऊन आलो. केम म्हणजे करमाळा तालुक्यातलं आमचं गाव. बाहेरच्यांना ते कुंकवामुळे माहीत असतं, नाहीतर सोलापूरच्या गाडीतून जाताना कुर्डुवाडीच्या अलीकडचं एक स्टेशन म्हणून. गावी गेलं की आधी उत्तरेश्वराचं दर्शन आणि मग आत्याकडे जेवण, हा क्रम ठरलेला. या वेळी आतेभावाने उजनीच्या बॅकवॉटरमधले मासे आणले होते. चिलापी, दुसरं काय!

आत्याने पाटीत डोकावून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "ह्याला काय मासा म्हणायचं? आमच्या नदीला शिंगटी असायची, घोगरा असायचा, वाम, मरळ, कोळस..." ती बोटं मोडत नावं घेत राहिली आणि मी रेल्वेच्या तिकिटाच्या पाठीमागे लिहीत गेलो. तिकीट संपलं, नावं संपली नाहीत.

आत्याचं सासर भीमेकाठचं. १९८० मध्ये उजनी धरण पुरं झालं आणि ते गाव पाण्याखाली गेलं. वाडा, मारुतीचं देऊळ, नदीचा उतार, सगळंच. नवं गावठाण मिळालं, पण तिथे नदी नव्हती. आता ती मुलाकडे केममध्येच असते. केम तर पहिल्यापासून कोरड्या माळावरचं गाव. म्हणजे या घरात मासे ओळखणारं माणूस ती एकटीच.

पुण्याला परत आल्यावर सहज म्हणून ती नावं शोधायला बसलो आणि रात्रीचे दोन कधी वाजले कळलंच नाही. कारण शिंगटी सापडली. घोगरा सापडला. कोळससुद्धा सापडला. कुठल्या मराठी पुस्तकात नव्हे, तर लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या छापील कामकाजात, आणि तीही शास्त्रीय नावं म्हणून!

हे काम विल्यम हेन्री साईक्स या माणसाचं. पक्षी पाहणाऱ्यांना हे नाव माहीत असेल, कारण त्याच्या नावाचा चंडोल आपल्या सोलापूरकडच्या माळांवर आजही दिसतो. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत तो पेशव्यांच्या विरुद्ध बाजूला होता. पुढे १८२४ मध्ये एल्फिन्स्टनने त्याला दख्खनची माहिती गोळा करायच्या कामावर नेमलं. जिंकलेला मुलूख, त्यात माणसं किती, पिकं कुठली, सारा किती निघेल, हे सगळं कंपनीला हवंच होतं. साईक्स गावोगाव घोड्यावरून फिरला. १८२९ मध्ये सरकारने ते खातंच बंद केलं, तरी हा गडी १८३१ च्या सुरुवातीपर्यंत काम उरकत राहिला. आणि आकडेवारी गोळा करता करता त्याने पक्षी, प्राणी आणि मासेही टिपले. (सरकारी कामाच्या वेळात स्वतःचा छंद पुरा करणं ही परंपरा बरीच जुनी दिसते.)

'दख्खनचे मासे' हा त्याचा निबंध १८३८ मध्ये लंडनला वाचला गेला आणि १८४१ मध्ये चित्रांसह सविस्तर छापला गेला. त्यात भीमा आणि तिला मिळणाऱ्या नद्यांमधल्या चाळीसच्या वर जाती आहेत. नवीन जातीला नाव काय द्यायचं? थोडी नावं त्याने साहेबी ओळखीपाळखीवरून ठेवली. पण बाकी ठिकाणी त्याने मासे धरणाऱ्यांना विचारलं आणि ते जे म्हणाले ते इंग्रजी कानाने ऐकून लॅटिनच्या पंगतीला बसवलं. ही युक्ती काही त्याची एकट्याची नव्हे. गंगेच्या माशांवर १८२२ मध्ये पुस्तक लिहिणाऱ्या हॅमिल्टननेही बंगालकडची नावं अशीच घेतली होती, 'रोहिता' आणि 'कतला' ही त्यातलीच.

साईक्सने शिंगटीचं 'सींगटी' केलं, घोगऱ्याचं 'गोग्रा', कोळसाचं 'कोलस'. खुद्री नावाचा महासीर आजही जगभर 'टोर खुद्री' म्हणूनच ओळखला जातो. 'रोहटी' तर नुसत्या एका जातीचं नव्हे, अख्ख्या प्रजातीचं नाव झालं. 'पोटेल' नावाचाही एक मासा आहे. त्या काळच्या इंग्रजी कागदांत गावच्या पाटलाचं स्पेलिंग अगदी हेच असायचं, त्यामुळे मला तो मासा मिशीवाला वाटायला लागलाय :)

ठिकाणांची नावं वाचायलाही मजा येते. 'मोटा मोला' म्हणजे आपली मुळा-मुठा! एक ठिकाण भीमेवरचं 'पैरगाव' आहे, ते मी पेडगाव असं वाचतो. पेडगावहून तेच पाणी पुढे आत्याच्या गावाकडे यायचं.

आता यातली खरी अडचण सांगतो, नाहीतर हे सगळं नुसतं गमतीचं वाटेल. नव्या जातीचं वर्णन केलं की ज्या माशावरून ते केलं तो नमुना बाटलीत जपून ठेवायचा असतो. पुढे भांडण झालं तर ती बाटली उघडून बघायची. साईक्सच्या बहुतेक माशांचे असे नमुने आज कुठल्याच संग्रहालयात नाहीत. मागे राहिलं ते त्याचं वर्णन, चित्रं, ठिकाण आणि मराठी नाव. म्हणजे साईक्सचा अमुक मासा नेमका कोणता हे ठरवायचं तर त्याच नदीवर जाऊन त्याच नावाचा मासा शोधावा लागतो.

शिंगटीचंच बघा. पुढच्या अभ्यासकांना ती गंगेतल्या 'कवासियस'पेक्षा वेगळी वाटली नाही. दोन्ही मिशाळ, दोन्ही चंदेरी, दोन्हींना काटे. झालं, शिंगटीचं नाव कटलं. शंभराहून जास्त वर्षं आपल्या भीमेतल्या शिंगटीला पुस्तकात स्वतःचं नाव नव्हतं, ती गंगेतल्या माशाच्या नावावर जगत होती. २००५ मध्ये दोन संशोधकांनी ठिकठिकाणच्या माशांची ठेवण बारकाईने ताडून पाहिली आणि सांगितलं की दक्षिणेतली ही जात वेगळीच आहे. साईक्सचं नाव परत आलं, 'मिस्टस सींगटी'. आत्याने काही ते कधी सोडलेलं नव्हतं.

साईक्सच्या नंतर बरोबर शंभर-सव्वाशे वर्षांनी आपल्याच एका माणसाने हीच रीत पुढे चालवली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी. पुढे ते महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक झाले. १९४० मध्ये त्यांनी मुंबईकडच्या खाडीच्या पाण्यातल्या, जेमतेम इंचभर लांबीच्या पारदर्शक माशाचं वर्णन केलं. या माशाच्या मादीला उजव्या बाजूचा पोटाचा पर नसतोच! पण माझा आवडता मासा त्यांच्या १९५२ च्या निबंधातला आहे. कृष्णेच्या खोऱ्यातला हा छोटा मिशाळ मासा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो. कुलकर्णींनी त्याचं नाव ठेवलं 'खवलचोर'. शास्त्रीय नाव हं! मधल्या काळात त्याची प्रजाती बदलून 'पॅकिप्टेरस' झाली, पण चोर मात्र चोरच राहिला.

मग आत्याच्या नदीचं काय झालं? धरण झालं की नदीचं तळं होतं, हे आपण भूगोलात शिकतो आणि विसरतो. माशाला ते विसरता येत नाही. साईक्सच्या यादीत 'लोना' नावाचा एक मासा आहे. त्याच्या छातीवर कातडीच्या चुण्या असतात आणि तो वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहतो. पाणी थांबलं, दगडावर गाळ बसला, तर त्याने चिकटायचं कशाला? उलट चिलापीला साचलेलं पाणी चालतं, गढूळ चालतं, आणि तिची मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, त्यामुळे पिल्लं जगतात. मूळची आफ्रिकेतली ही बाई १९५२ मध्ये भारतात आली. (खवलचोराचंच वर्ष, काय योगायोग!) पुण्याच्या नद्यांचंही बरं नाही. तिथल्या माशांच्या १९४० च्या दशकापासूनच्या जुन्या याद्या घेऊन अभ्यासकांनी २००३ च्या सुमारास पुन्हा मोजदाद केली, तेव्हा काही जाती सापडल्याच नाहीत आणि बाहेरून आणलेल्या मात्र मजेत होत्या.

चिलापीला शिव्या घालणं मला जमत नाही, हेही सांगून टाकतो. ज्यांची शेतं बुडाली त्यांतल्या कितीतरी घरांत त्या जाळ्यावरच चूल पेटली. शिवाय 'आपला तो चांगला' हेही तितकंसं खरं नाही. साईक्सने पुण्याच्या पूर्वेला नोंदवलेल्या खुद्रीचं बीज १९७० च्या दशकापासून लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रात तयार व्हायला लागलं. केवढं कौतुकाचं काम! तिथून ती पिल्लं देशभर गेली, कावेरीतही सोडली गेली. आणि आता कावेरीतला कुबडवाला महासीर नामशेष व्हायच्या बेतात आहे, त्याच्या कारणांमध्ये आपल्या या पाहुण्याचं नाव घेतलं जातं. कावेरीकाठची एखादी आत्या खुद्रीकडे बघून तोंड वाकडं करत असेल.

असो. मागच्या रविवारी साईक्सची चित्रं लॅपटॉपवर घेऊन पुन्हा केम गाठलं. आत्याने चष्मा पुसला आणि बराच वेळ बघत बसली. एका चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो घोगरा. भाईर काढला की कुरकुर करायचा, म्हणून घोगरा." दुसऱ्यावर म्हणाली, "हे न्हाई आमच्याकडचं." शिंगटीपाशी मात्र थांबली आणि उजव्या हाताचा अंगठा मला दाखवला. तिथे एक पांढरा बारीक वण आहे. इतकी वर्षं मला वाटायचं तो विळीचा आहे.

मी वही घेऊन गेलो होतो या वेळी. एकवीस नावं झाली. त्यातली नऊ साईक्सकडे मिळाली, बाकीची बारा अजून कुठे बसत नाहीत. ताई, तुझ्या सासरी नीरेकाठी कुणी जुनं माणूस असेल तर विचारून ठेव, आणि नाव जसं ऐकशील तसंच लिही, शुद्ध करू नकोस.