कुलमुखत्यार

गेल्या वर्षी आषाढात टपालाने एक जाड पाकीट घरी आले. धाकट्या भावाचा मुलगा जर्मनीत असतो. तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात सही करून त्याने माझ्या नावे केलेले कुलमुखत्यारपत्र त्यात होते. परदेशात केलेल्या अशा पत्रावर ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावे लागते. ते काम मी उरकले. इंदापूर तालुक्यात वारसाने त्याच्याकडे आलेल्या जमिनीच्या तुकड्यावर त्याला डाळिंब निवडून पेटीबंद करण्याची शेड काढायची होती. अनिवासी भारतीयाला शेतजमीन वारसाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. म्हणून जागा तीच. भांडवल त्याचे, बेत त्याचा, सही माझी. शिक्षण अर्धवट सोडून उरलेले आयुष्य जुने कागद वाचण्यात घालवलेला मी छपन्नाव्या वर्षी मुनीम झालो.

आणि सवयीने कागदांकडेच वळलो. या दोन तालुक्यांत दूर राहून कारभार चालवणारा माझा पुतण्या काही पहिला नव्हे.

पहिले उदाहरण शहाजीराजांचे. १६३६ च्या तहानंतर ते आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकात गेले आणि पुढे बंगळूर हे त्यांचे ठाणे झाले. पुणे, सुपे, इंदापूर, चाकण हे परगणे मात्र त्यांच्या जहागिरीत राहिले. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. म्हणजे आजचा हा सगळा टापू तेव्हा आठशे किलोमीटरवरून चालत होता. राज्य एकच, आदिलशाही. पण मुलूख निराळा, भाषा निराळी, आणि निरोप पोचायचा तो घोड्याच्या पायांनी. पुण्याकडचा कारभार दादोजी कोंडदेव पाहत. त्यांच्याविषयी पुढे पुष्कळ वाद झाले; मला इथे त्यांचे कारभारीपण तेवढे हवे आहे. उजाड गावे पुन्हा वसवायची तर पहिल्या वर्षी सारा नाममात्र घ्यायचा आणि पुढे वर्षागणिक चढवत न्यायचा, ही इस्ताव्याची रीत. कोणत्या गावाला किती सूट द्यायची हे बंगळुरात बसून ठरत नाही. त्यासाठी बांधावर उभा राहणारा माणूस लागतो.

पण बांधावरच्या माणसाने केलेल्याची किंमत दूरच्या धन्याला मोजावी लागते. १६४८ साली जिंजीच्या छावणीत शहाजीराजांना कैद झाली. इकडच्या जहागिरीत शिवरायांच्या ज्या हालचाली चालल्या होत्या, त्या या कैदेचे एक कारण मानल्या जातात. पुढच्या वर्षी सुटका झाली ती कोंढाणा परत दिल्यावर. घडले सह्याद्रीत, बेड्या पडल्या जिंजीत.

सुप्याची गोष्ट याच्या उलट बाजूची. तिथे शहाजीराजांच्या वतीने संभाजी मोहिते होते, नात्याने शिवरायांचे सावत्र मामा. सभासदाची बखर सांगते की शिमग्याचे पोस्त मागण्याच्या निमित्ताने शिवराय तिथे गेले आणि मामांना कैद करून परगणा ताब्यात घेतला. मोहित्यांनी काय चूक केली, असे मी पुष्कळदा स्वतःला विचारले आहे. ते ज्याचे नोकर होते त्याच्याशीच बांधलेले राहिले, एवढेच. पण धनी दूर असला की जागेवर जो बळकट असतो त्याचीच आज्ञा चालते. मुखत्याराची निष्ठा कागदावर राहते.

दुसरे उदाहरण वालचंदनगरचे. वालचंद हिराचंद सोलापूरचे, व्यवसायाने मुंबईकर. १९१९ साली सिंदिया बोट कंपनी काढणाऱ्यांपैकी ते एक. १९३२ साली साखरधंद्याला आयात जकातीचे संरक्षण मिळाले आणि त्याच दशकात नीरेच्या कालव्याच्या पाण्यावर, इंदापूर तालुक्यातल्या कळंबजवळ त्यांचा साखर कारखाना उभा राहिला. परदेश नव्हे, पण मुंबई तेव्हा जवळही नव्हती. ऊस तोडल्यावर तासातासाला साखरेचा उतारा घसरतो. चरक बंद पडला तर मुंबईहून उत्तर येईपर्यंत गाड्या रांगेत सुकणार. म्हणून तिथे नुसता कारखाना काढून भागले नाही. शेती, घरे, शाळा यांच्यासह अख्खे गाव वसवावे लागले. निर्णय घेणारी माणसे जागेवर राहायची तर त्यांच्या मुलाबाळांनाही तिथे राहता आले पाहिजे. वालचंदनगर हे त्या अंतराला दिलेले उत्तर आहे, असे मी समजतो.

तिसरे उदाहरण आपल्या डोळ्यांदेखतचे. इटलीतल्या पोंतेदेरा गावची पियाज्जो कंपनी. 'व्हेस्पा' म्हणजे गांधीलमाशी, 'आपे' म्हणजे मधमाशी. व्हेस्पा भारतात आधी बजाजच्या परवान्यावर आली. तो करार १९७१ साली संपला. मग कानपूरच्या एलएमएलशी भागीदारी झाली, तीही पुढे तुटली. बारामतीत आपे तीनचाकी निघू लागली ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस ग्रीव्ह्जच्या भागीदारीत, आणि काही वर्षांतच संपूर्ण मालकी इटलीकडे गेली. २०१२ साली व्हेस्पाही बारामतीतच तयार होऊ लागली. परवाना, भागीदार, स्वतःचा कारखाना, या तीन पायऱ्या चढायला पन्नासेक वर्षे लागली. आज बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्याला मालकाचे गाव नकाशावर दाखवता येणार नाही. पण पाळीचा प्रमुख कोण हे तो झोपेतही सांगेल.

२०१३ च्या कंपनी कायद्यानेही हे ओळखले आहे. मालक जगात कुठेही असोत, कंपनीचा निदान एक संचालक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला असला पाहिजे. कायद्याला हाती लागेल असा एक माणूस हवा असतो. पूर्वी त्याला मुतालिक म्हणत.

आता माझे. शेड सुरू झाल्यावर पहिल्याच हंगामात अवकाळी पाऊस आला. रात्री साडेअकराला गाड्या दारात, फळाला डाग पडू लागलेले, आणि पुतण्या बैठकीत. तिथे संध्याकाळचे सात. फोन लागेना. मी ठरल्यापेक्षा कमी भावाने माल देऊन टाकला. सकाळी तो म्हणाला, "काका, विचारायचं तरी." मी म्हणालो, "विचारलं असतं तर तुझ्याकडे भाव राहिला असता, डाळिंब राहिलं नसतं." आठ दिवस आम्ही बोललो नाही.

मग मी त्याला शहाजीराजे आणि मोहिते यांच्याविषयी लिहून पाठवले. हा लेख म्हणजे त्या पत्राचीच वाढ आहे. त्याने उत्तरात इतिहासाबद्दल अक्षर काढले नाही. एका कागदावर दोन ओळी लिहून सही केली होती: पन्नास हजारांपर्यंतचा निर्णय जागेवर, त्यावरचा विचारून, तोटा झाला तर तो त्याचा. तो कागद मी कुलमुखत्यारपत्राला टाचून ठेवला आहे. आणि दर शनिवारी, त्याने मागितला नसला तरी, मी त्याला हिशेब धाडतो.