डॉक्टरांनी ‘मर्मर’ सांगितलं, मग टू-डी इको कधी? जन्मजात हृदयदोष उशिरा का कळतात, वाचा सविस्तर

छत्रपती संभाजीनगर : अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं. डॉक्टरांनी लेकराच्या छातीला नळी लावली आणि कार्डावर ‘मर्मर’ लिहून पुढच्या दवाखान्यात जायला सांगितलं. घरी आल्यावर ते कार्ड कपाटात गेलं. लेकरू खेळतंय, जेवतंय, मग घाई कशाची? ग्रामीण भागात हे नवीन नाही. पण हृदयाच्या जन्मजात दोषात जास्त नुकसान होतं ते याच मधल्या काळात.

मर्मर हे आजाराचं नाव नाही, तो एक आवाज आहे. हृदयात चार कप्पे आणि चार झडपा असतात. झडप म्हणजेच व्हॉल्व्ह. विहिरीवरच्या मोटारीला फूट व्हॉल्व्ह बसवतात, तो पाणी वर जाऊ देतो आणि मागं येऊ देत नाही. हृदयातली झडप रक्तासाठी तेच काम करते. झडपा मिटताना ‘लब-डब’ आवाज येतो. झडप पुरती उघडत नसली, मिटल्यावर गळत असली, किंवा दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असलं, की त्या लब-डबच्या मधे ‘सूं’ असा आवाज ऐकू येतो. पाइपाचा कॉक अर्धा बंद केल्यावर येतो तसाच.

आता घाबरू नये अशी गोष्ट आधी. धडधाकट मुलांपैकी जवळपास निम्म्यांना लहानपणी कधी ना कधी मर्मर ऐकू येते. तापात किंवा अंगात रक्त कमी असताना ती वाढते, नंतर जाते. तिला काही उपचार लागत नाही. अडचण एवढीच, की निर्दोष आवाज कुठला आणि दोषाचा कुठला, हे घरी बसून ठरत नाही.

दुसरी गोष्ट बहुतेकांना उलटी वाटेल. आवाज मोठा म्हणजे आजार मोठा, असं नसतं. बारीक छिद्रातून रक्त जोरात जातं म्हणून आवाज मोठा येतो. मोठ्या छिद्रात तो हळू असू शकतो. झडप फार अरुंद होऊन हृदय थकलं, तर आवाज उलट कमी होतो. ‘आवाज थोडासाच आहे म्हणाले’ एवढ्यावर तपासणी टाळणं म्हणूनच चुकीचं आहे.

जन्मताच का कळत नाही?

दर हजार बाळांत साधारण ८ ते १० बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. पण जन्मानंतर पहिले काही दिवस बाळाच्या फुप्फुसातला दाब जास्त असतो, त्यामुळं छिद्रातून फारसं रक्त जात नाही आणि आवाजही येत नाही. दवाखान्यातून सुटी होते तेव्हा कागदावर सगळं नॉर्मल असतं. आवाज येतो तो पुढच्या दोन ते सहा आठवड्यांत. त्या वेळी बाळ-बाळंतीण बहुधा माहेरी असतात. आशाताईंची एक घरभेट ४२ व्या दिवशी असते आणि दीड महिन्याचा डोसही त्याच सुमारास येतो. डोसाच्या दिवशी डॉक्टरांना ‘छाती एकदा ऐकता का?’ एवढं विचारलं, तरी पुष्कळ बाळं वेळेत सापडतील.

बोटाला लावायच्या ऑक्सिजन यंत्रानं निळं पडणारे काही गंभीर दोष पहिल्या एक-दोन दिवसांतच कळतात. मात्र झडप अरुंद असलेल्या बाळाचा ऑक्सिजन बरोबर येऊ शकतो. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीतही झडपेचा बारीक दोष सुटू शकतो.

घरच्यांना दिसणारी लक्षणं साधी असतात, म्हणून तर ती नजरेतून निसटतात. बाळ दूध ओढताना मधेच सोडतं, दमतं, कपाळाला घाम फुटतो, वजन वाढत नाही. सर्दी-खोकला, न्यूमोनिया फिरून फिरून होतो आणि प्रत्येक वेळी फक्त छातीचं औषध मिळतं. कुणी म्हणतं नजर लागली, कुणी टॉनिक आणून देतं. मोबाइलवर टायमर लावून झोपलेल्या बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त भरले, तर दवाखाना गाठायचा. ओठ-जीभ निळी दिसली, तर वाट न पाहता १०८ ला फोन करायचा.

भरतीच्या मैदानावर कळतं तेव्हा

काही दोष लहानपणी काहीच त्रास देत नाहीत. हृदयातून अंगभर रक्त नेणाऱ्या मोठ्या नळीच्या तोंडावरच्या झडपेला तीन पाकळ्या असतात. शंभरातल्या एक-दोघांना जन्मतः दोनच असतात. पुष्कळांना ते चाळिशी-पन्नाशीपर्यंत कळतही नाही. काहींना पोलीस किंवा अग्निवीर भरतीच्या वैद्यकीय तपासणीत पहिल्यांदा समजतं, मग सगळी मेहनत वाया गेल्याचं दुःख वेगळंच. पळताना चक्कर येऊन पडणं, पळताना छातीत दुखणं, बरोबरीच्या पोरांपेक्षा लवकर धाप लागणं, याला ‘उपाशीपोटी पळाला असेल’ म्हणून सोडू नये. इको होईपर्यंत पळणं थांबवावं. घरात एकाला असा दोष निघाला, तर आई-वडील आणि भावंडांचीही एकदा तपासणी करून घ्यावी.

मुलींच्या बाबतीत उशीर मुद्दाम होतो, हे कटू असलं तरी खरं आहे. लग्नात अडचण येईल म्हणून कागद लपवले जातात. मात्र गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि अरुंद झडपेला तो भार झेपत नाही. सातव्या-आठव्या महिन्यात धाप लागल्यावर दोष कळणं हे सगळ्यात धोक्याचं. (झडप जन्मतः चांगली असूनही खराब होऊ शकते. घसा दुखून ताप, नंतर सांधे आलटून-पालटून सुजणं, हा संधिवाताचा ताप झडपेवर जातो. त्याची दर तीन आठवड्यांची पेनिसिलीनची सुई चुकवू नये.)

उशिराची किंमत काय? मोठं छिद्र वर्षानुवर्षं तसंच राहिलं, तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या कडक होतात आणि मग ऑपरेशन करताच येत नाही. अभिनेत्री मधुबालाच्या हृदयात जन्मतः छिद्र होतं. त्या काळी उपाय निघाला नाही आणि १९६९ मध्ये ३६ व्या वर्षी ती गेली. आज तोच दोष लहानपणी बंद करता येतो. अरुंद झडप पुष्कळदा मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन उघडतात, छाती चिरावी लागत नाही. झडप बदलायचीच वेळ आली, तर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं बनवलेली भारतीय झडप १९९० पासून वापरात आहे.

कुठं जायचं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर इथून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत असते. मात्र ऊसतोडीला गेलेल्या घरची लेकरं त्या दिवशी गैरहजर असली, की त्यांचं वर्षच जातं. अशा पालकांनी परत आल्यावर ग्रामीण रुग्णालयात पथकाची चौकशी करावी. पथकानं पुढं पाठवलं असेल, तर कार्ड घेऊन जिल्हा रुग्णालय किंवा घाटी गाठावी.

तिथं टू-डी इको होईल. ही छातीची सोनोग्राफीच आहे. सुई नाही, दुखत नाही, अर्ध्या तासाचं काम. ईसीजीची पट्टी नॉर्मल आली म्हणून इको टाळू नये, झडपेचा दोष पट्टीत दिसेलच असं नाही.

ऑपरेशन लागलं, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड, आधार कार्ड आणि मुलाचा जन्मदाखला सोबत ठेवावा. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला भेटावं. योजनेची हेल्पलाइन १५५३८८. नवी मुंबईत खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयातही मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं पूर्ण मोफत होतात.

झडप बदललेल्या रुग्णानं दात काढायच्या आधी दातांच्या डॉक्टरांना तसं सांगायचं असतं. तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसतात, म्हणून आधी अँटिबायोटिकचा डोस घ्यावा लागतो. धातूची झडप असेल, तर रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागते. ती कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नये.