मांडीवरचं पिस्तूल

हॉलिवूडचा काउबॉय आठवा. मांडीवर लोंबणारं, वादीने पायाला बांधलेलं होल्स्टर आणि क्षणात हातात आलेलं पिस्तूल! इथे अमेरिकेतल्या संग्रहालयांत मी त्या काळातली होल्स्टरं पाहिली, ती मात्र इतकी खोल की पिस्तुलाची जेमतेम मूठ दिसावी. मांडीवरचा तो 'बुस्कादेरो' पट्टा १९२० च्या दशकातला, सिनेमाने गाजवलेला.

खरं तर दिवसभर घोड्यावर बसणाऱ्याला पिस्तूल झटकन निघण्यापेक्षा ते वाटेत पडू नये याची काळजी जास्त. १८४७ चं कोल्ट वॉकर दोन किलोंचं, ते खोगिरालाच अडकवत. १८५१ चं कोल्ट नेव्ही साधारण १.२ किलोचं, ते कमरेवर पेलायचं. घोडदळाच्या होल्स्टरवर तर चामड्याचं झाकणच असे, आणि मूठ पुढे, कारण उजवा हात तलवारीसाठी राखलेला. १८७३ च्या कोल्टला सहा घरं, पण शहाणे लोक पाचच गोळ्या भरत. घोड्यासमोरचं घर रिकामं (घोडा म्हणजे पिस्तुलाचा, खोगिराखालचा नव्हे!), म्हणजे पिस्तूल आपटलं तरी गोळी उडायला नको.

आता बरीच होल्स्टरं कायडेक्सची असतात. हे प्लॅस्टिक तापवून पिस्तुलाच्या आकारावर दाबतात. माझ्यातल्या इंजिनिअरला हे चामड्यापेक्षा पटतं. जुनं चामडं मऊ पडून दुमडलं, की पिस्तूल आत सरकवताना ती घडी चापावर दाबते आणि गोळी सुटते. असे अपघात झालेले आहेत. कायडेक्स तसं दुमडत नाही. फक्त खुर्चीत बसलं की पोटाला टोचतं.