केंटचे मजूर आणि ससेक्सचे पाहुणे

लंडनच्या पूर्व भागातील गरीब कुटुंबे पूर्वी दर सप्टेंबरात मुलाबाळांसह केंट परगण्यात जात व बिअरसाठी लागणारी हॉप नामक वेलीची फुले खुडीत. मजुरी थोडी, निवाऱ्यास झोपड्या. परंतु धुरकट शहरातील जीवांना तीच वर्षाची मोकळी हवा. १९५० नंतर खुडणीची यंत्रे बोकाळली आणि ही वाट बुजली.

१९७१ साली लंडनमध्ये सेक्रेटरीचे काम करणाऱ्या स्यू कॉपर्ड यांनी दुसरी वाट काढली. खेड्यात आप्त नसलेल्या शहरवासीयांनी शनिवार-रविवार ससेक्समधील एमर्सन कॉलेजच्या शेतावर राबावे, अशी ती योजना. पहिल्या खेपेस चौघेच गेले. श्रमाबद्दल अन्न व निवारा, पैसा नाही, हा करार. रसायने वर्ज्य करणाऱ्या शेतीस निंदणीसाठी हात हवेच होते. पुढे देशोदेशी ‘वूफ’ संस्था निघाल्या. त्या शेतांची यादी पुरवितात, पत्रव्यवहार ज्याचा त्याने करावयाचा.

संस्थेच्या नावातील ‘कामकरी’ हा शब्द मात्र कालांतराने गळला. कारण परदेशी पाहुण्यांना सरकारी अधिकारी परवान्यावाचून आलेले मजूर समजू लागले. हा संशय अगदीच निराधार नव्हे. मजुरास मजुरीवर हक्क सांगता येतो. स्वयंसेवकाच्या पदरी यजमानाची न्यायबुद्धी तेवढी असते.