ज्वारी, गोड

ज्वारीच्या ज्या प्रकारांच्या धाटात भरपूर व गोड रस असतो, त्यांना गोड ज्वारी म्हणतात. ही निराळी जाती नसून धान्याच्या ज्वारीप्रमाणेच सॉर्घम बायकलर या जातीत मोडते. धाटे चरकात पिळून निघालेल्या रसापासून काकवी करतात. रस यीस्टच्या साहाय्याने आंबवून व त्याचे ऊर्ध्वपातन करून अल्कोहॉल मिळवितात. महाराष्ट्रात या पिकाच्या सुधारणेचे महत्त्वाचे कार्य सातारा जिल्ह्यातील फलटण येथे झाले.

सातारा व सांगली जिल्ह्यांत कृष्णाकाठी आणि कालव्यांखाली ऊस पिकतो. माण, खटाव, आटपाडी, जत हे पूर्वेकडील तालुके मात्र अवर्षणप्रवण असून तेथे ज्वारी हे मुख्य अन्न व तिचा कडबा हाच जनावरांचा आधार आहे. उसाला १२ ते १८ महिने पाणी द्यावे लागते. गोड ज्वारी सु. ४ महिन्यांत तयार होते. त्यामुळे थोड्या पाण्यावर साखरेचा रस देणारे पीक म्हणून तिच्याकडे लक्ष गेले.

आनुवंशिकी : धाटाचा रसाळपणा व गोडी यांच्या आनुवंशिकतेविषयीचे रंगस्वामी अय्यंगार व त्यांचे सहकारी यांचे संशोधन १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. कोरडे धाट हे लक्षण प्रभावी, तर रसाळ धाट अप्रभावी असते. कोरड्या धाटाच्या झाडाच्या पानाची मध्यशीर पांढरी व रसाळ धाटाच्या झाडाची मळकट हिरवी दिसत असल्याने धाट न चिरताही निवड करता येते. रसातील साखरेचे प्रमाण मात्र अनेक जीन व हवामान यांवर अवलंबून असते. म्हणून त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करावी लागते.

फलटण येथील कार्य : बनबिहारी विष्णु निंबकर (१९३१–२०२१) यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील गोड वाण व देशी धान्यवाण यांचे संकर करण्यास प्रारंभ झाला. त्यांतून ‘मधुरा’ हा वाण पुढे आला. १९८० नंतरच्या दशकात अनिल राजवंशी यांच्या मार्गदर्शनाखाली सौर ऊर्जेवर अल्कोहॉलच्या ऊर्ध्वपातनाचे प्रयोग झाले. हे अल्कोहॉल ग्रामीण घरांत स्वयंपाकाच्या व दिव्याच्या इंधनासाठी वापरावे, असा त्यांमागील हेतू होता.

जपानमध्ये साके या मद्यासाठी स्वतंत्र भातवाण निपजविले गेले. १९२३ मधील संकरातून निघालेल्या व १९३६ मध्ये नामकरण झालेल्या ‘यामादा निशिकी’ या वाणाचा टपोरा, पांढऱ्या गाभ्याचा दाणा मुख्यतः मद्यनिर्मितीसाठीच राखला जातो. दुष्काळी भागात अशी विभागणी परवडणारी नव्हती. कणसातून भाकरीचे धान्य, धाटातून रस आणि पाने व चिपाडांतून वैरण वा जळण, हे सर्व एकाच झाडापासून मिळावे, अशी फलटणच्या संशोधनाची दिशा होती.

मर्यादा : कापणीनंतर रसातील साखर लवकर कमी होऊ लागते, म्हणून धाटे ताबडतोब पिळावी लागतात. कापणीचा योग्य काळही थोडा असतो. साखर कारखान्यांच्या आसवन्यांना घरचीच मळी उपलब्ध असते. शिवाय १९४९ च्या दारूबंदी अधिनियमामुळे परवान्याविना गावपातळीवर अल्कोहॉल तयार करता येत नाही. त्यामुळे वाण सिद्ध होऊनही त्याचा प्रसार मर्यादित राहिला. राष्ट्रीय जैवइंधन धोरणात (२०१८) एथेनॉलचा कच्चा माल म्हणून गोड ज्वारीचा समावेश झाला आहे. तथापि शेताजवळ रस काढण्याची सोय व रसाला खात्रीचा भाव यांखेरीज शेतकरी शाळू सोडून या पिकाकडे वळणे कठीण आहे.