आठ दिवस आणि दोनशे सदतीस दिवस



३ एप्रिल १९८४ रोजी आपल्या वायुसेनेचे स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा सोयूझ टी-११ या यानातून अंतराळात गेले, हे आपणांपैकी बहुतेकांना पाठ असेल. वरून भारत कसा दिसतो, असे पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी विचारले आणि शर्मांनी अल्लामा इक्बाल यांच्या तराण्यातील शब्दांत उत्तर दिले, हेही शाळेशाळेतून सांगितले जाते. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत हा प्रश्न हमखास येतो. परंतु शर्मा ज्या घरी आठ दिवस पाहुणे म्हणून राहिले, त्या घरात आधीपासून कोण राहत होते, हा प्रश्न मी आजवर एकाही प्रश्नपत्रिकेत पाहिलेला नाही. आज त्या घरातील माणसांविषयी सांगावयाचे आहे.

ते घर म्हणजे सोविएत संघाचे साल्यूत-७ हे अंतराळस्थानक. लिओनिद किझिम, व्लादिमीर सोलोव्योव आणि ओलेग आत्कोव हे तिघे तेथे ८ फेब्रुवारीला निघून जाऊन राहिले होते. यांपैकी आत्कोव हे वैमानिक नव्हते. ते हृदयरोगाचे डॉक्टर होते. माणूस अनेक महिने अंतराळात राहिला तर त्याच्या शरीराचे काय होते, हे पाहण्यासाठीच त्यांना पाठविले होते. आणि तपासणीसाठी रोगी म्हणून तेथे होते कोण, तर ते स्वतः आणि त्यांचे दोन सोबती. शर्मा व त्यांचे सहकारी मालिशेव आणि स्त्रेकालोव ११ एप्रिलला परतले, ते आधीपासून तेथे उभ्या असलेल्या जुन्या यानातून. आपले नवे यान त्यांनी यजमानांसाठी ठेवले, कारण ही याने अंतराळात फार काळ टिकत नसत. त्याच यानातून ते तिघे २ ऑक्टोबरला उतरले. तोवर २३७ दिवस झाले होते. तेव्हाचा तो विक्रम होता.

आता हे २३७ दिवस एवढे अवघड का, ते समजून घेऊ. वर्गात मी विचारतो, अंतराळवीर तरंगतो कशामुळे? मुले एका सुरात सांगतात, तेथे गुरुत्वाकर्षण नसते म्हणून. हे उत्तर चूक आहे. चारशे किलोमीटर उंचीवरही पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ नऊ-दशांश असते. स्थानक पृथ्वीभोवती सतत पडत असते आणि त्याच्याबरोबर आतला माणूसही पडत असतो, म्हणून त्याला वजन जाणवत नाही. आणि जे जाणवत नाही, त्याचा भार उचलण्याची तयारी शरीर हळूहळू सोडून देते. पाय, कंबर, पाठीचा कणा यांना कामच उरत नाही. मांडीच्या व कमरेच्या हाडांतील खनिज महिन्याला सुमारे एक ते दीड टक्का कमी होते. हाडांतून सुटलेले कॅल्शियम लघवीवाटे जाते, त्यामुळे मूतखड्याचे भय. पायांकडचे रक्त व पाणी वर सरकते, तोंड सुजल्यासारखे दिसते, नाक चोंदते. काहींच्या डोळ्यांच्या मागील भागावर परिणाम होऊन दृष्टी बदलते. शिवाय किरणोत्सर्ग आहेच.

हे सारे आरंभी कोणालाच नीट ठाऊक नव्हते. जून १९७० मध्ये निकोलायेव आणि सेवास्त्यानोव हे दोघे सोयूझ-९ मधून सुमारे १८ दिवस राहून परतले, तेव्हा त्यांना आपल्या पायांवर धड उभे राहता येईना. इतरांनी हात देऊन त्यांना नेले. लहानशा यानात व्यायामाला जागाच नव्हती. तेथून पुढे शास्त्रज्ञांनी ट्रेडमिल, ताणाचे पट्टे, शरीरावर दाब देणारे पोशाख यांची व्यवस्था केली. आजही स्थानकावरील प्रत्येकाला दररोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो.

आपल्या देशाने यात घातलेली भर अशी, की शर्मांनी योगासनांचा प्रयोग केला. उड्डाणापूर्वी त्यांनी सराव केला आणि वर गेल्यावर शरीर जागेवर राहावे म्हणून खास पट्टे बांधून आसने केली. काही उत्साही लेखक यावरून मोठमोठे निष्कर्ष काढतात. मला ते पटत नाही. एक माणूस आणि आठ दिवस यांवरून काही सिद्ध होत नसते. प्रश्न विचारण्याची सुरुवात आपण केली, एवढे म्हणावे आणि त्याचा आनंद मानावा. त्यांच्यासोबत म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सुजीचा हलवा, आलू-छोले आणि भाजीचा पुलावही बनवून दिला होता. परदेशी माणसांच्या सहवासात घरच्या चवीचा घास किती मोलाचा असतो, हे आखातात राबलेल्या आपल्या बांधवांना मी काय सांगावे!

येथवर शरीराची गोष्ट झाली. मनाची गोष्ट सांगावयास मात्र इतिहासाने फार वेळ लावला.

निवडीच्या वेळी राकेश शर्मांना बंगलोर येथे वायुसेनेच्या एका ठिकाणी कृत्रिम प्रकाशाच्या खोलीत ७२ तास बंद करून ठेवले होते. कोंडल्याची भीती मनात दडलेली आहे काय, हे त्यातून पाहावयाचे होते. म्हणजे मन ही तपासण्याची गोष्ट आहे, हे डॉक्टरांना मान्य होते. पण अंतराळवीरांना स्वतःला ते मान्य करणे जड जाई. कारण उघड आहे. ‘मला त्रास होतो’ असे म्हटले की उड्डाणातून नाव कमी होण्याची धास्ती. साल्यूत-७ वरच १९८२ मध्ये बेरेझोवोय आणि लेबेदेव हे दोघे २११ दिवस राहिले. लेबेदेव यांची रोजनिशी पुढे प्रसिद्ध झाली. तीत शास्त्रीय नोंदी आहेत, तशीच दोघांतील अबोल्याची, क्षुल्लक कारणावरून येणाऱ्या रागाची आणि घरच्या आठवणीची कबुलीही आहे. त्याच मुक्कामात या दोघांनी एका छोट्या रोपाला बीजापासून पुन्हा बीजापर्यंत वाढविले. त्या रोपाकडे पाहून किती बरे वाटे, हे वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात कसे सापडणार?

अमेरिकेच्या स्कायलॅबवर १९७३-७४ मध्ये तिघे ८४ दिवस होते. त्यांनी संप पुकारला अशी एक चविष्ट कथा सांगितली जाते, ती अतिशयोक्त आहे. खरी गोष्ट अशी, की त्यांच्यावर कामाचा डोंगर लादला गेला होता. अखेर त्यांनी जमिनीवरच्या अधिकाऱ्यांशी मोकळेपणाने बोलून घेतले. वेळापत्रक सैल झाले आणि काम उलट अधिक झाले. याच्या उलट उदाहरण १९८५ चे. साल्यूत-७ चे प्रमुख व्लादिमीर वास्यूतिन वर असताना आजारी पडले. ताप, अशक्तपणा, खचलेले मन. मुक्काम महिनोन्‌महिने चालावयाचा होता, तो सोडून नोव्हेंबरात सर्वांना खाली यावे लागले.

सोविएत तज्ज्ञांनी यासाठी एक स्वतंत्र साहाय्यक गट उभा केला. घरच्या माणसांशी दूरचित्रवाणीवरून बोलणे, संगीत, बातम्या, पत्रे हे सारे वेळापत्रकात बसविले. मधूनमधून पाहुणे पाठविले. ते येताना टपाल व ताजे अन्न आणीत. या दृष्टीने पाहिले तर आपले राकेश शर्मा हे आत्कोव आणि मंडळींच्या घरी आलेले असेच पाहुणे होते. पुढे मीर स्थानकावर मूसा मानारोव या दागिस्तानी वंशाच्या अंतराळवीराने तितोव यांच्यासोबत डिसेंबर १९८७ ते डिसेंबर १९८८ असे पूर्ण वर्ष काढले, तेव्हा त्यांनाही मध्येच पाहुणे लाभले. त्यांत अफगाणिस्तानचे अब्दुल अहद मोमंद होते. त्या पाहुण्यांबरोबर आलेले डॉक्टर वालेरी पोल्याकोव मात्र मागे राहिले. याच पोल्याकोवांनी पुढे १९९४-९५ मध्ये सलग ४३७ दिवसांचा मुक्काम केला. एवढा दीर्घ सलग मुक्काम त्यांच्यानंतर अद्याप कोणी केलेला नाही.

आता वाचकहो, आकाशातून खाली या आणि आपल्या शेजारच्या गोव्याकडे चला. कारण १९८४ याच वर्षाची दुसरी कथा तेथून सुरू होते. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून २१ जणांची पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम निघाली. तिचे नेते होते डॉ. सय्यद जहूर कासिम. अलाहाबादेत जन्मलेले, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकलेले, दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक राहिलेले, आणि पुढे जामिया मिल्लियाचे कुलगुरू झालेले. आपल्या किती विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक आहे? ९ जानेवारी १९८२ रोजी मोहीम बर्फावर पोहोचली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेने, जिच्यात नागपूरला जन्मलेल्या डॉ. अदिती पंतही होत्या, ‘दक्षिण गंगोत्री’ हे ठाणे उभारले. उन्हाळा सरताच जहाज परत फिरले आणि १२ जण हिवाळा काढण्यासाठी मागे राहिले.

म्हणजे पाहा, ज्या एप्रिलात शर्मा साल्यूतवर होते, त्याच एप्रिलात बारा भारतीय बर्फावर एकटे होते आणि त्यांना नेण्यास पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कोणी येणार नव्हते. तेथे हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही. झोपेचे गणित बिघडते, विसरभोळेपणा येतो, एकाच माणसाच्या चमचा ठेवण्याच्या आवाजाचाही संताप येतो. अंटार्क्टिकात हिवाळा काढणाऱ्या सर्व देशांच्या लोकांनी असेच लिहून ठेवले आहे. म्हणूनच अंतराळवैद्यक शिकणारे आज बर्फावरच्या ठाण्यांतील माणसांचाही अभ्यास करतात. इस्रोच्या मंगला मणी यांनी २०१६-१७ मध्ये वयाच्या ५६ व्या वर्षी ‘भारती’ या आपल्या ठाण्यावर ४०३ दिवस काढले. २३ जणांच्या तुकडीत त्या एकट्याच स्त्री होत्या. मुलींनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

अलीकडच्या दोन घटना थोडक्यात सांगतो. सुनीता विल्यम्स ५ जून २०२४ रोजी गेल्या त्या सुमारे आठ दिवसांसाठी, म्हणजे शर्मांइतक्याच. यानात बिघाड झाला आणि त्या परतल्या २८६ दिवसांनी, १८ मार्च २०२५ रोजी. त्याच वर्षी आपले शुभांशु शुक्ला, जे २००५ साली पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून बाहेर पडले, आंतरराष्ट्रीय स्थानकावर १८ दिवस राहून १५ जुलैला परत आले. तेथे त्यांनी मेथी आणि मूग रुजविले. घरी आल्यावर त्यांनी लॅपटॉप मिटून पलंगाशेजारी हवेत सोडून दिला. तरंगेल असे वाटले! अठरा दिवसांत हात एवढे विसरतात.

आपण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरची माणसे गर्दीत राहतो. आपला एकांताशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण २०२० ची टाळेबंदी आठवा. कॅम्पातल्या एका खोलीत सहा-सहा माणसे महिनोन्‌महिने कोंडलेली, बाप कामाविना, मुलगा भिंतीकडे तोंड करून मोबाईलवर. शाळा उघडल्यावर माझ्या वर्गातील एक हुशार मुलगा आठवडाभर एक शब्द बोलला नाही. मी त्याला आळशी समजून रागावलो. ती माझी चूक होती, आणि ती मी त्याच्या अब्बांसमोर कबूल केली आहे.

माझे चाचा सौदी अरबस्तानात नोकरीला होते. मी लहान असताना त्यांचे पत्र पंधरा-वीस दिवसांनी येई, कधी कॅसेटही. प्रत्येक पत्रात मजकूर एकच, ‘येथे सर्व खैरियत आहे, तुमची खैरियत हवी.’ दोन वर्षांनी सुटीवर आले तेव्हा ते निम्मे झाले होते. मधुमेह झाल्याचे त्यांनी ना कंपनीला सांगितले ना दादीला. नोकरी जाईल ही एक भीती आणि घरचे घाबरतील ही दुसरी. वास्यूतिनांची हकीकत वाचताना मला सारखे चाचाच दिसत होते.

गेल्या वर्षी हा सारा विषय आठवीच्या वर्गात सांगत होतो. शेवटच्या बाकावरून एका मुलीने विचारले, ‘सर, तिथून अम्मीशी बोलता येतं का?’ मी सांगितले, आताच्या स्थानकावरून येते. घरच्यांशी नियमित बोलणे होते, डॉक्टरांशी खासगीत बोलणे होते, मनाच्या डॉक्टरांशीसुद्धा. मग ती म्हणाली, ‘आणि मंगळावरून?’

मंगळावरून येणार नाही. शब्द जाण्यास कधी तीन मिनिटे तर कधी बावीस मिनिटे लागतात आणि उत्तर येण्यास पुन्हा तितकीच. ‘हॅलो’ म्हणून पाऊण तास थांबावे लागले तर ते संभाषण नव्हे. जाऊन परत येण्यास दोन-अडीच वर्षे लागतील, आणि त्या काळात तेथील माणसाला अम्मीशी बोलण्याचा एकच मार्ग राहील. त्याला पत्र लिहावे लागेल.

‘मग त्याने खरं खरं लिहायला पाहिजे,’ ती म्हणाली आणि खाली बसली.