परतीच्या गाडीचा इतिहास

‘चाकरमानी’ म्हटलं की कोकणातल्या माणसाला पुढचं काही सांगावं लागत नाही. गणपतीला किंवा शिमग्याला गावी आलेला आणि रजा संपली म्हणून जड पायांनी मुंबईला निघालेला माणूस लगेच डोळ्यांसमोर येतो. आमच्या वऱ्हाडात असा शब्द नाही. मी अमरावतीच्या एका शाळेत बरीच वर्षं इतिहास शिकवला. वऱ्हाडी माणूस काही कमी घरवेडा नाही, मग हा शब्द आपल्याकडे का नाही, असा प्रश्न मला नेहमी पडायचा.

उत्तर कापसात आहे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि साहेबाची नजर आमच्या काळ्या जमिनीवर पडली. भुसावळहून निघालेला लोहमार्ग शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचला. अमरावती मोठी पेठ, पण मुख्य मार्ग तिला चुकवून गेला. तिच्यासाठी बडनेऱ्याहून फाटा काढावा लागला. या मार्गाने मुंबईला काय गेलं? कोकणातून माणसं गेली, वऱ्हाडातून गेल्या गाठी. गाठ दिवाळीला घरी येत नाही. आलीच तर कापड होऊन, दुकानदाराच्या फळीवर येते.

मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे, १० जून १८९० पासून. पण ज्याने तो कापूस पिकवला, त्या वऱ्हाडातल्या सालदाराला रविवार कुठला? त्याचं साल पाडव्याला ठरायचं आणि पुढच्या पाडव्याला संपायचं. मधे पोळा यायचा, पण ती सुटी खरी बैलाची! उन्हाळ्यात गाव सोडून जाणारे होते ते साहेब लोक. ते चिखलदऱ्याच्या थंड हवेत जात आणि पाऊस लागला की खाली उतरून कचेरीत बसत. सुटीवरून परतणं हे असं आधी वरच्यांचं होतं.

सामान्य शेतकऱ्याच्या घरात ते आलं शाळेमुळे. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. वसतिगृहांमुळे खेड्यातल्या पोरांना शहरात शिकणं जमू लागलं. अंजनगाव, दर्यापूरकडचा मुलगा पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन अचलपूर-मूर्तिजापूर या छोट्या गाडीत बसायचा. मूर्तिजापूरला मोठी गाडी, बडनेऱ्याला पुन्हा बदल, मग अमरावती. ही छोटी गाडी म्हणजे आपली शकुंतला. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, दुसरा यवतमाळला. बांधली होती कापूस वाहायला, मालकी खासगी कंपनीची, आणि मँचेस्टरला घडवलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं. आता ती बंद आहे. तिच्या नावाने हळवे लेख पुष्कळ निघाले. पण सुटी संपवून परतणाऱ्या पोरांना ती रेंगाळत का होईना, घेऊन जायची, हे त्यांत क्वचितच येतं. आईपासून दूर नेणारी गाडी सावकाश चालली तर कोणत्या पोराची तक्रार असणार?

ही सगळी ये-जा जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, फार तर नागपूरपर्यंत. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि राजधानी एकदम साडेसहाशे किलोमीटरवर गेली. तेव्हापासून नोकरदार घरं दोन्हीकडे वाटली जाऊ लागली. पण गावंच्या गावं रिकामी व्हावीत अशी रीघ लागली ती फार अलीकडे. १९८३ नंतर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयं निघाली, बडनेऱ्यालाही निघालं. पोरं घरच्या भाकरीवर इंजिनिअर झाली आणि नव्वदीच्या अखेरीस पुण्यात हिंजवडी उभी राहिली. शिक्षण इथे, पगार तिथे! कोकणाला जे दीडशे वर्षांपूर्वी झालं, ते वऱ्हाडाला आमच्या डोळ्यांदेखत झालं. म्हणून शब्द तयार व्हायला सवड मिळाली नाही, असं मला वाटतं.

आता एक गंमत बघा. सुटी संपण्याची तारीखही आपली वेगळी. पारा पंचेचाळीसच्या वर जातो, म्हणून विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात. पूर्वीपासून २६ जून ही तारीख आमच्या तोंडी बसलेली. २०२४ मध्ये राज्यात १५ जूनला शाळा भरल्या, विदर्भात १ जुलैला. २०२५ मध्ये १६ आणि २३ जून. कागदावर हा फरक आठवड्या-दोन आठवड्यांचा. घरात तो केवढा होतो, हे पुण्याची नातवंडं असणाऱ्या आजोबांना विचारा. माझी नातवंडं निघतात तेव्हा त्यांच्या इथल्या मामेभावांचा पत्त्यांचा डाव मोडलेला नसतो. निघणारा रडतो ते परतायचं म्हणून नव्हे. बाकीचे अजून खेळताहेत, म्हणून.

शिवाय महिनाभरात जिभेला लागलेलं वळण असतं. नातू पुण्यात वर्गात सहज ‘मी डबा खाऊन राह्यलो’ म्हणाला आणि सगळे हसले. आठवड्यात त्याने बोली घडी घालून ठेवून दिली, ट्रंकेतल्या गरम कपड्यांसारखी. मला हे सुटकेस भरण्यापेक्षा जास्त लागलं. तुकाराम-नामदेवांच्याही आधी महानुभावांनी आमच्या रिद्धपूरला बसून मराठी गद्य लिहिलं, हे त्या वर्गाला कोणी सांगायचं?

परतीच्या सामानाचं मात्र सगळीकडे सारखंच. कुरडया, सरगुंडे, मूगवड्या, वर्षाचं तिखट, अकोल्याची तूरडाळ, दिवाळीनंतर संत्री. दिवाळीनंतरच ट्रॅव्हल्सची भाडी अशी चढायची की घरी जाऊन येणं म्हणजे पगारातला मोठा घास. एप्रिल २०१८ मध्ये सरकारने बंधन घातलं: खासगी बसने एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडं घेऊ नये. नियम चांगला आहे. दिवाळीनंतरच्या रविवारी अकोल्याहून पुण्याचं तिकीट काढून बघा, म्हणजे तो किती पाळला जातो ते कळेल.

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं. बसने पूर्ण रात्र लागते ते अंतर आता दोन तासांच्या आत. कुरडयांचा डबा मात्र अजून रात्रीच्या बसनेच जातो. ड्रायव्हरच्या हातात देतात, मोबाइल नंबर चिकटवतात, आणि पहाटे पुण्यात कोणीतरी अर्धवट झोपेत, ऑफिसच्या आधी, तो उतरवून घ्यायला उभा असतो.